आस ऐकायची गाणी : स्लोकोअर सोप्या भाषेत

गिटारची एक तार वाजते. मग काहीच होत नाही. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक तार, आणि तिच्यामागे ड्रमवर ब्रश घासल्याचा आवाज, ताटात तांदूळ सरकावेत तसा. बराच वेळ गाणारा तोंड उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने. घरातलं कुणीतरी हमखास दारातून डोकावून विचारतं, "नेट अडकलंय का रे?"

नेट ठीक आहे. गाणंच असं आहे. या प्रकाराला स्लोकोअर म्हणतात. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या शेवटी हा सूर उमटला आणि 1990 च्या दशकात त्याची एक ओळखता येणारी शाखा झाली. हार्डकोअर पंक हे त्याआधीचं अतिजलद, कर्कश संगीत. त्यातल्या 'कोअर'ला पुढून 'स्लो' चिकटवून हे नाव तयार झालं, अर्ध्या थट्टेनेच. ज्यांना ते लागलं त्यांतल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही. बॉस्टनकडचा गॅलक्सी 500, न्यूयॉर्कचा कोडीन, सॅन फ्रान्सिस्कोचा रेड हाउस पेंटर्स, तीन-तीन गिटारींची बारीक वेलबुट्टी काढणारा टेक्ससचा बेडहेड, ही त्या घराण्यातली मंडळी. 1998 च्या आपल्या पहिल्या अल्बममुळे अलीकडे छोट्या व्हिडिओंतून नव्या पोरांपर्यंत पोहोचलेला डस्टर हा त्यांचा धाकटा.

नमुना म्हणून आपण एकच अल्बम समोर ठेवू : लो या बँडचा 'आय कुड लिव्ह इन होप', 1994 सालचा. लो 1993 मध्ये मिनेसोटातल्या डलूथ या गावी सुरू झाला. लेक सुपीरियरच्या काठचं गाव, हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली. ॲलन स्पारहॉक गिटार आणि गाणं, त्याची बायको मिमी पार्कर ड्रम आणि गाणं, तिसरा बास गिटारवाला. अल्बममध्ये अकरा गाणी, प्रत्येकाचं नाव एकाच शब्दाचं, एकूण लांबी तासाला थोडी कमी. त्या काळात ग्रंज या दणदणीत रॉकची धूम होती. भिंती हादरवणाऱ्या बँडांच्या गर्दीत हे तिघं कुजबुजत होते. श्रोते गोंगाट करायला लागले की आवाज वाढवण्याऐवजी ते तो आणखी कमी करायचे. भांडणात आई एकदम हळू बोलायला लागली की घर जसं गप्प होतं, तसंच काहीसं.

मिमी पार्करचा ड्रमसेट बघितला तरी निम्मा स्लोकोअर कळतो. ती उभी राहून वाजवायची. पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाही. एक स्नेअर (चपटा, खरखरीत आवाजाचा ड्रम), एक फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा, खोल आवाजाचा), एक झांज, आणि हातात बहुतेक वेळा लाकडी काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. नेहमीच्या सेटवर ड्रमर चार हातपाय वापरून मोकळी जागा बुजवत असतो. इथे बुजवायचं साधनच काढून टाकलेलं आहे.

लयीचं गणित, आणि झुमरा

मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरवले तेवढे ठोके देणारं यंत्र, 120 वर लावला की ठोके अर्ध्या सेकंदाने पडतात. नाचायची बरीच गाणी याच्या आसपास असतात. 60 वर लावला की सेकंदाला एक. चार ठोक्यांचा एक बार धरला तर तो चार सेकंदांचा झाला. स्लोकोअरची गाणी साधारण 50 ते 80 मध्ये फिरतात, पण खरी गोम पुढेच आहे : या चार ठोक्यांपैकी प्रत्यक्षात वाजतात एक किंवा दोन. म्हणजे दोन आघातांमध्ये दोन, कधी चार सेकंद रिकामे.

माणसाच्या कानाला इथे अडचण येते. दोन ठोक्यांमधलं अंतर दीड-दोन सेकंदांच्या पुढे गेलं की मन त्यांना एका लयीत ओवू शकत नाही, ते सुटे वाटायला लागतात. बोटाने ताल धरून बघा, बोट आधीच पडतं. स्लोकोअर मुद्दाम या काठावर चालतो. पुढचा ठोका येणार हे माहीत असतं, आणि तो दर वेळी वाटल्यापेक्षा किंचित उशिरा आल्यासारखा भासतो. या छोट्याशा वाट पाहण्याची सवय लागली की गाणं पकडीत घेतं. नाही लागली तर कंटाळा येतो, आणि त्यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही.

इंदूरच्या मराठी घरांत हे समजावणं खरं तर सोपं जायला हवं. हे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ साहेबांचं गाव. अतिविलंबित झुमऱ्यात, म्हणजे फार संथ केलेल्या झुमरा तालात, ते गायचे. 14 मात्रा, मिनिटाला 15 मात्रा धरल्या तर एक आवर्तन 56 सेकंदांचं. त्या हिशेबाने मिनिटाला 60 ठोके देणारा स्लोकोअरचा ड्रमर झुमऱ्याच्या चौपट चालतो. खाँसाहेबांच्या मैफिलीत तो द्रुतवालाच ठरला असता!

मग हे संगीत झुमऱ्यापेक्षा रिकामं का वाटतं? कारण झुमऱ्याच्या दोन मात्रांमध्ये तबलजी गप्प नसतो. 'तिरकिट' आहे, 'धागे' आहे, बारीक भरणा आहे. खाँसाहेबांना ठेका साधा लागायचा, पण साध्या ठेक्यालाही आतलं विणकाम असतंच. वर तानपुरा अखंड. श्रोत्याच्या पायाखाली जमीन कधी सुटत नाही. स्लोकोअरमध्ये तानपुरा नाही, भरणा नाही. दोन ठोक्यांमधल्या जागेत एकच गोष्ट असते, आधी वाजलेल्या तारेची आस, म्हणजे तिचा मागे रेंगाळणारा नाद. ती फुलते, थरथरते, पातळ होते, खोलीत विरते. कानाने ठोका टिपायचा नाही, त्या आसेच्या मागे शेवटपर्यंत जायचं. ही एक गोष्ट जमली की बाकी सगळं आपोआप उलगडतं.

ख्याल ऐकणाऱ्यांची दुसरी तक्रार असते, "यात बढत कुठे आहे?" बढत म्हणजे हळूहळू होणारा विस्तार, आणि तक्रार रास्त आहे. चार कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार जुळण्यांचं, चक्र सोळा सेकंदांत संपतं आणि पुन्हा तेच. सम गाठल्याचा आनंद नाही, तान नाही. बदल होतो तो थरांमध्ये. पहिली दोन कडवी एकटा पुरुष गातो, तिसऱ्यात बाईचा आवाज वरच्या स्वरात येऊन बसतो. इतका वेळ ब्रश होता, तिथे एकदाच झांज येते. एवढ्याशा गोष्टीने अंगावर काटा येतो, कारण आधीची चार मिनिटं कानाला उपाशी ठेवलेलं असतं. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीतला शेंगदाणासुद्धा वेगळा लागतो ना, तसं.

संथ आणि सुस्त यांत फरक आहे, हेही सांगायला हवं. या प्रकारातले कितीतरी अल्बम नुसते सुस्त असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. मांडीवर बोटाने दुप्पट गतीने ताल धरा, दोन ठोक्यांच्या मध्ये एक जास्तीचा. बँडचा पुढचा आघात तुमच्या बोटाखाली नेमका पडला, तर वाजवणाऱ्यांच्या आत लय चालू आहे. ठोका कधी आधी, कधी नंतर, नुसता पडत राहिला, तर ते झोपेत वाजवतायत.

हिंदी गाण्यांच्या 'स्लोड अँड रिव्हर्ब' (गती उतरवून वर घुमारा चढवलेल्या) आवृत्त्या हल्ली सगळीकडे ऐकू येतात, त्यांना स्लोकोअर समजू नका. तिथे तयार ध्वनिमुद्रण ताणलेलं असतं. गती 0.8 पट केली की सूर जवळपास चार अर्धस्वर खाली घसरतो, आवाज जाड होतो, 'क' आणि 'त' लोळायला लागतात, तबल्याची थाप पिठावर पडल्यासारखी येते. स्लोकोअरमध्ये आघात जसाच्या तसा, टोकदार असतो. फक्त त्याच्यानंतरची जागा लांब असते. उलटा प्रयोगही करून बघा : लोचं एखादं गाणं यूट्यूबवर दीडपट गतीने लावा. चारचौघांसारखं एक बरं गाणं ऐकू येईल, आणि त्यात जागोजागी विनाकारण भोकं.

पेटीवर करून बघण्यासारखं

उदास म्हणजे कोमल स्वर, असं आपण धरून चालतो. स्लोकोअरमध्ये पुष्कळदा सगळे स्वर शुद्ध असतात आणि तरी गळा दाटतो. घरात पेटी असेल, आणि रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या मराठी घरांत ती निघेल, तर पाच मिनिटांत कळेल.

पांढरी एक सा धरा. सा, ग, प एकत्र दाबा. स्वच्छ, प्रसन्न, शाळेच्या प्रार्थनेसारखं. आता हे तीन तसेच ठेवून वरचा शुद्ध नी दाबा. लगेच काहीतरी हलतं. नी वरच्या सा च्या उंबरठ्यावर उभा आहे, आत जात नाही. पाश्चात्त्य संगीतात याला मेजर सेव्हन्थ म्हणतात. नेहमीच्या गाण्यात हा नी सा वर नेऊन सोडतात. स्लोकोअरमध्ये तो चार सेकंद उंबरठ्यावरच उभा राहतो, मग दुसराच कॉर्ड येतो.

दुसरा प्रयोग जास्त मजेदार. पुन्हा सा, ग, प. बोटं न हलवता त्यांच्या खालचा, मंद्रातला ध जोडा. वरचे तीन स्वर तेच, पण उजेड कमी झाला. घरातलं सामान जागच्या जागी असून दिवेलागणीला ते जसं वेगळं दिसतं, तसं. लोसारख्या बँडमध्ये बासवाला हेच करतो. गिटार तोच कॉर्ड धरून राहते, बास खाली उतरतो, आणि गाण्याचा अर्थ बदलतो. म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर ही गाणी निर्जीव वाटतात : बासची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते आणि एवढासा स्पीकर तिथे पोहोचतच नाही. खालचा ध गेला, उरला नुसता सा-ग-प.

तिसरी युक्ती म्हणजे ग गाळणे. नुसते सा आणि प वाजले तर सूर ना आनंदी, ना दुःखी. मग गाणारा त्यावर शुद्ध ग लावतो की कोमल, यावर सगळं ठरतं, आणि तो लावेपर्यंत आपण अधांतरी.

खोली, माइक आणि कुजबुज

विरणारी आस किती लांब असावी हे खोली ठरवते. आवाज बंद झाल्यावर तो 60 डेसिबलनी उतरायला लागणारा वेळ मोजतात. पडदे-गाद्या असलेल्या घरातल्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास, चांगल्या मोठ्या संगीतगृहात दोनेक सेकंद, दगडी चर्चमध्ये पाच किंवा त्याहून जास्त. कॅनडाच्या काउबॉय जंकीजने 27 नोव्हेंबर 1987 रोजी टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एका माइकभोवती बसून आपला 'द ट्रिनिटी सेशन' नोंदवला. त्यांना स्लोकोअरवाले म्हणत नाहीत, पण या रस्त्याची सुरुवात शोधणारे तिथे थांबतातच. चर्च नसेल तर अँप्लिफायरमधल्या स्प्रिंग रिव्हर्बवर काम भागतं. त्यात खरोखरच धातूच्या लांब स्प्रिंगा असतात. आवाजाचं कंपन एका टोकाने आत जातं, स्प्रिंगमध्ये मागेपुढे आपटत दुसऱ्या टोकाने बाहेर येतं. चालू अँप्लिफायर सरकवताना आतून 'झ्झांग' होतं ते याच स्प्रिंगांमुळे.

गळ्याचं तंत्र वेगळं. गाणारा माइकपासून पाच-दहा सेंटिमीटरवर असतो. दिशा असलेल्या माइकचा गुण असा की तोंड इतकं जवळ आणलं की खर्ज आपोआप फुगतो. मोठ्याने गायलं तर ते घुमतं, हळू गायलं तर ऊब येते. हेडफोनवर ते थेट कानाशी बोलल्यासारखं वाटतं. आणि गिटार मात्र दहा हात लांब, मोठ्या खोलीत. जवळचा माणूस आणि लांबची खोली, या दोन अंतरांतूनच एकटेपणाचा भास तयार होतो. शब्दांकडे बरंच नंतर लक्ष जातं. शब्द असतातही मोजके.

आता, दुःखाचं हे गाणं पुन्हा का लावावंसं वाटतं? करुण रसाचं जुनं उत्तर आजही पुरतं : दुःख समोर आहे पण आपल्या अंगावर पडलेलं नाही, त्यामुळे त्याची चव घेता येते. 2014 मध्ये बर्लिनच्या दोन संशोधकांनी सातशेहून अधिक लोकांना विचारलं, उदास संगीत ऐकताना काय वाटतं. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर दुःख नव्हतं, जुन्या आठवणींची हुरहुर होती. स्लोकोअरला हे चपखल लागू पडतं. दोन ठोक्यांमधली मोकळी जागा ऐकणारा आपल्याच आठवणींनी भरतो, कारण बँडने तिथे काही ठेवलेलंच नाही. इंदूरच्या भंवरकुआँकडच्या होस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता हे ऐकणाऱ्या पोराला डलूथचा बर्फ दिसायची गरज नाही.

लोच्या त्या अल्बमचं शेवटचं गाणं, 'सनशाइन', हे याचं उत्तम उदाहरण. 'यू आर माय सनशाइन' हे 1940 च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी पोहोचलेलं, लहान मुलांना टाळ्या वाजवत शिकवलं जाणारं गाणं. त्याचं धृवपद सगळ्यांना पाठ. कडव्यात मात्र माणूस स्वप्नात प्रियेला जवळ घेतो, जागा होतो, ती नसते, आणि तो रडतो. उडत्या चालीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लोने चाल तीच ठेवून गती पार उतरवली, आणि कडवं पहिल्यांदा ऐकू आलं.

वाजवून बघायचं असेल तर

तीन-चार जणांनी मिळून हे वाजवायला घेतलं की पहिली चूक ठरलेली : धाव. 60 वर सुरू केलेलं गाणं दुसऱ्या कडव्याला 68 वर पोहोचतं, कारण रिकामी जागा कुणालाच सोसत नाही. उपाय तबल्याच्या क्लासात मिळतो तोच. मेट्रोनोम 60 ऐवजी 120 वर लावायचा, तोंडाने 'एक-आणि-दोन-आणि' मोजायचं, हाताने मात्र फक्त 'एक'वर वाजवायचं. आठवडाभराने मेट्रोनोम 60 वर, मग 30 वर. 30 वर चौघं एकत्र पडले की काम झालं.

दुसरी चूक रिव्हर्बची. उदास हवं म्हणून बटण पूर्ण फिरवतात आणि चिखल होतो. मागच्या कॉर्डची आस पुढच्या कॉर्डवर सांडते. शुद्ध नी आणि पुढचा सा एकत्र घुसळले जातात. माप असं : 60 च्या लयीत कॉर्ड चार सेकंदांनी बदलत असेल तर आस तीन-साडेतीन सेकंदांत विरली पाहिजे. लय 72 केली तर बार 3.3 सेकंदांचा होतो, आस पावणेतीनच्या आत आणा. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) बंद, गिटारचं व्हॉल्युम दहापैकी सहा-सात, आणि तार ब्रिजपाशी (तारा बुडाशी टेकतात तिथे) न छेडता गिटारच्या मानेकडे छेडायची, म्हणजे टोक बोथट होतं.

तिसरी चूक सुराची, आणि इथे स्लोकोअर निर्दय आहे. एक तार 110 हर्ट्झवर आणि तिच्या जोडीची 111 वर असेल तर दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो, 'वँव-वँव'. जलद गाण्यात पुढचा कॉर्ड येऊन ते झाकतो. इथे चार सेकंद उघडं पडतं. तानपुरा मिळवताना ज्यांच्या कानाला हा हेलकावा थांबेपर्यंत खुंटी फिरवायची सवय आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. ट्यूनरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. दर गाण्याआधी दोन तारा एकत्र वाजवून ऐका.

ऐकायची मांडणी

इंदूरच्या सराफ्यात रात्री अकराला खोपरापॅटिस खाताना हेडफोनवर स्लोकोअर ऐकण्यात अर्थ नाही. आसेचा शेवटचा भाग इतका बारीक असतो की छताचा पंखा पाचवर असला तरी तो गिळून टाकतो. पंखा दोनवर, शक्य तर बंद. नॉइज कॅन्सलेशन पंख्याच्या सलग घरघरीवर चांगलं चालतं, रिक्षाच्या हॉर्नवर फारसं नाही. इअरफोन कानात घट्ट बसला पाहिजे. थोडी फट राहिली तरी बास गळून जातो, आणि बास गेला की काय होतं ते पेटीवर पाहिलंच.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासा. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, तो बारा सेकंदांपर्यंत ठेवता येतो आणि तेवढ्यात एका गाण्याच्या विरणाऱ्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढते, म्हणजे ज्यासाठी अल्बम लावला तेच कापलं गेलं. व्हॉल्युमच्या पातळीचं सेटिंग 'लाउड'वर असेल तर 'नॉर्मल'वर आणा. स्पॉटिफायवर 'लाउड'मध्ये मोठे आवाज छाटणारा लिमिटर लागतो आणि हळू-मोठ्यातला फरक दाबला जाऊ शकतो. मग आवाज एकदाच ठरवा. पहिल्या गाण्यातली गाणाऱ्याची कुजबुज समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्याएवढी येईल इतका, आणि नंतर बटणाला हात नाही.

सलग तास मिळत नसेल तर पहिली तीन गाणी आणि शेवटचं, अशी सुरुवात करा. कामाच्या मागे लावून ठेवायला हा अल्बम बरा वाटतो, पण तेव्हा तो भिंतीच्या रंगासारखा होतो, असून नसल्यासारखा. आणि ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा, नाहीतर शेवटची आस अजून खोलीत असतानाच ॲप दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू करतं.